हिल्डा तुस्कानो, मुक्काम वसई

गॅसवर पेज ठेवली होती. उकड्या तांदळाची, थोडं मीठ घातलेली, आणि बाजूला सुक्या बोंबलाची चटणी... हॉस्पिटलचं जेवण हिल्डाच्या घशाखाली उतरत नव्हतं. त्या सकाळी ऑक्सिजनच्या मास्कमधून ती कशीबशी एवढंच म्हणाली होती, "सिसिल, घरची पेज आण." म्हणून मी घरी आले होते. डब्याला झाकण लावत होते, तेवढ्यात इनासचा, माझ्या नवऱ्याचा, फोन आला. तो म्हणाला, "पेज नको आणूस आता." मी डबा हातात धरून तशीच उभी राहिले. बाहेर कॅनडातल्या मिसिसागात बर्फ पडत होता, आणि विमानतळावर उतरणारं एक विमान आमच्या छपरावरून नेहमीसारखंच अगदी खालून गेलं. माझी नणंद गेली होती. नणंद ती लग्नानंतरची. त्याआधी वसईच्या शाळेत एका बाकावर बसणारी माझी मैत्रीण.

दुसऱ्या दिवशी इथल्या एका इंग्रजी पेपरात तिचा फोटो आला. डोक्यावर टोपी, गळ्यात गिटार, आणि खाली लिहिलेलं, 'इटालियन वंशाच्या कॅनेडियन कंट्री गायिका हिल्डा तुस्कानो यांचं निधन.' इनास रात्रभर रडला होता. तो पेपर बघून रडायचा थांबला आणि त्याने पेपर टेबलावर आपटला. मी पेपरच्या ऑफिसला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. म्हणाली, नोंद घेते. मी म्हटलं, नोंद नको, दुरुस्ती हवी आहे. काही दिवसांनी आतल्या पानावर एका कोपऱ्यात दुरुस्ती आली, 'भारतीय वंशाच्या'. वसई नाही, मराठी नाही... म्हणून हे लिहायला घेतलं आहे. तिने आयुष्यभर ज्याच्यासाठी भांडण केलं ते तिच्या मृत्यूनंतर एका कोपऱ्यात उरकलं जावं, हे मला चालणार नाही.

कंट्री म्हणजे इथल्या खेड्यापाड्यातलं गाणं. गिटार, फिडल म्हणजे व्हायोलिन, आणि शब्द साधे. शेत, गुरं, चर्च, दारू, सोडून गेलेलं माणूस. वसईची एक शेतकऱ्याची मुलगी हे गाणं कुठून शिकली, असं मला इथे कैक लोकांनी विचारलं आहे. हिल्डाचे वडील, म्हणजे माझे सासरे, वाडीत केळी आणि भाजी लावायचे, अबोलीची फुलं काढायचे, आणि रविवारी चर्चमध्ये व्हायोलिन वाजवायचे. त्यांचा धाकटा भाऊ बोटीवर नोकरीला होता. तो सुट्टीवर आला की अमेरिकन गाण्यांच्या कॅसेट आणायचा. आमच्या गावात मुंबईच्या रेडिओवरची गाणी सगळ्यांना पाठ होती, पण हिल्डा त्या कॅसेटच ऐकायची. वाडीतल्या बावखलाच्या काठावर बसून ती त्या गाण्यांतले इंग्रजी शब्द जसे ऐकू येतील तसे म्हणायची. बावखल म्हणजे आमच्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं. त्यावरच वाडी जगायची. आम्ही मराठी माध्यमातल्या मुली, निम्म्या शब्दांचा अर्थ तिलाही माहीत नव्हता आणि मलाही. पण एका लग्नात तिने त्यातलं एक गाणं म्हटलं, तेव्हा मांडवात बसलेले म्हातारे डोळे पुसायला लागले. त्यांना तर एकही शब्द कळला नव्हता. घरी येताना ती मला म्हणाली, "सिसिल, हे आपलंच गाणं आहे गं. फक्त भाषा दुसरी आहे." तेव्हा मी हसले होते.

कॅनडात ती आमच्या आधी आली. साल दोन हजारच्या आसपास. केअरगिव्हर म्हणून, म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या घरात राहून त्याचं सगळं करायचं. दोन वर्षं ते केलं की इथे कायमचं राहण्यासाठी अप्लाय करता येतं. तिच्या वाट्याला टोरोंटोच्या पश्चिमेला, मक्याच्या शेतांमधलं एक लहानसं गाव आलं आणि आयरीन नावाची एक म्हातारी. आयरीनचा नवरा गेलेला, मुलगा व्हँकुव्हरला, घर मोठं आणि जीभ तिखट. पहिल्याच आठवड्यात तिने हिल्डाला सांगितलं, तुझ्या मसाल्याचा वास माझ्या पडद्यांना लागतो. हिल्डाने पडदे काढून धुतले, पुन्हा लावले आणि मसाला घालणं चालूच ठेवलं. आयरीनच्या स्वयंपाकघरात रेडिओ दिवसभर चालू असायचा, आणि त्यावर दिवसभर कंट्री. एका सकाळी हिल्डा बटाटे सोलत होती आणि रेडिओवर काकाच्या कॅसेटमधलं एक गाणं लागलं. तिने सवयीने वरच्या सुरात साथ धरली. आयरीन वॉकर ढकलत आली आणि तिने रेडिओ बंद केला. हिल्डाला वाटलं, आता नोकरी गेली.

"पुन्हा म्हण," आयरीन म्हणाली. "रेडिओशिवाय."

हिल्डाने म्हटलं. आयरीन तिथेच खुर्चीत बसली. तरुणपणी ती त्या भागातल्या नाचाच्या हॉलमध्ये गात असे, हे हिल्डाला त्या दिवशी कळलं. पुढे रोज दुपारी दोघी बसायच्या. आयरीनने तिला प्रत्येक ओळीचा अर्थ सांगितला, श्वास कुठे घ्यायचा ते सांगितलं, माळ्यावरची जुनी गिटार खाली काढायला लावली. आणि एका शुक्रवारी तिला म्हणाली, "गाडी काढ, आपल्याला जायचंय." गावात माजी सैनिकांचा एक हॉल होता. शुक्रवारी तिथे कुणीही उठून गाणं म्हणावं, अशी पद्धत होती. हिल्डा आयरीनला धरून आत गेली तेव्हा सगळ्यांनी माना वळवल्या. बारपाशी उभ्या असलेल्या एकाने विचारलं, "काय गं, हनी, तुमच्याकडचं काहीतरी नाचून दाखवणार का?" लोक हसले. हिल्डाने ही हकीकत मला पुष्कळदा सांगितली, आणि दर वेळी गोष्ट इथवर आली की तिचे डोळे बारीक व्हायचे. ती माइकपाशी गेली, गिटार लावली आणि त्या हॉलमधल्या सगळ्यांच्या आजोबांना माहीत असलेलं एक गाणं म्हटलं. संपल्यावर टाळ्या पडल्या. तोच माणूस पुढे आला आणि म्हणाला, "तू कुठली गं?"

"वसईची."

"ते कुठे आलं?"

"समुद्राकाठी. आमच्याकडे पण शेतं आहेत, चर्च आहे आणि तुझ्यासारखे दारू पिऊन बडबडणारे काका पण आहेत."

आयरीन एवढी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. त्यानंतर दर शुक्रवारी दोघी जायच्या. आयरीन वारली तेव्हा तिच्या मुलाने हिल्डालाच चर्चमध्ये गायला सांगितलं, आणि ती गिटार तिला दिली. शेवटपर्यंत हिल्डा त्याच गिटारवर वाजवत राहिली. मोठमोठ्या कंपन्यांनी नव्या गिटार पाठवल्या, त्या तिने चर्चच्या मुलांना वाटून टाकल्या.

तोवर मी आणि इनास मिसिसागात आलो होतो. घर घेतलं, आणि हिल्डा आमच्या बेसमेंटमध्ये राहायला आली. विमानतळाजवळच्या एका किचनमध्ये तिला काम मिळालं. विमानातल्या जेवणाचे ट्रे भरायचे, हातात मोजे, डोक्यावर जाळी, आणि थंडी एवढी की बोटं आखडून जायची. शनिवार-रविवारी ती गावोगावच्या हॉलमध्ये गायला जायची. अशाच एका ठिकाणी तिला ब्रायन भेटला. टोरोंटोमधल्या एका रेकॉर्ड कंपनीत गायक शोधून आणणारा माणूस. बोलायला गोड, वागायला चांगला. त्याने तिला बोलावलं, चार गाणी रेकॉर्ड करून घेतली. आम्ही सगळे हरखून गेलो होतो. इनासने तर ऑफिसात पेढे वाटले. आणि मग पोस्टर आलं. हिल्डाच्या फोटोमागे द्राक्षाचे वेल आणि डोंगरावरचं एक दगडी घर.

"हे काय आहे?" हिल्डाने विचारलं.

ब्रायन म्हणाला, "तुझं आडनाव तुस्कानो, इटलीतल्या एका प्रांताच्या नावासारखं. लोकांना वाटतं तू इटालियन आहेस. वाटू दे ना. तू कुठे खोटं बोलतेस? तू फक्त काही बोलू नकोस."

आडनावाची गोष्ट अशी, की पोर्तुगीजांच्या काळात आमचे पूर्वज ख्रिस्ती झाले तेव्हा जी नावं मिळाली ती लागली. माणसं तीच, वाडी तीच, भाषा तीच. हिल्डाने हे सगळं ब्रायनला शांतपणे समजावून सांगितलं. त्याने ते मन लावून ऐकलं आणि म्हणाला, कंट्री ऐकणाऱ्या माणसाला एवढा इतिहास नको असतो. त्याच कंपनीतल्या दुसऱ्या एका बाईने तोडगा काढला, की मग साडी नेसवू, मागे सतार घालू, काहीतरी वेगळं होईल. हिल्डा घरी येऊन मला म्हणाली, "एकाला मी इटलीची हवी आहे आणि दुसरीला राजवाड्यातली. केळीच्या वाडीतली कुणालाच नको."

कार्यक्रम ठरलेला होता. हॉल भरला होता. हिल्डा साध्या जीन्समध्ये स्टेजवर आली आणि पहिल्या गाण्याच्या आधीच माइकवर म्हणाली, "पोस्टरवरचं ते घर माझं नाही. मी वसईची आहे, भारतातली. घरी मराठी बोलते. आता गाते." ती गायली, लोकांनी टाळ्याही वाजवल्या. पण पुढच्या आठवड्यात कंपनीने तिला कळवलं की सध्या थांबू या. ती चार गाणी तशीच कपाटात गेली. सोमवारी हिल्डा पुन्हा जाळी घालून ट्रे भरायला उभी राहिली. इनास म्हणाला, "एक शब्द गिळला असतास तर काय झालं असतं?" ती म्हणाली, "तो शब्द म्हणजे तुझ्या बापाचं घर आहे."

आणि आपल्या माणसांचं काय? त्याच वर्षीच्या दिवाळीत इथल्या एका मराठी कार्यक्रमात तिला बोलावलं होतं. एका शाळेच्या ऑडिटोरियममध्ये चहा-फराळाच्या वेळी भरजरी साडीतल्या एक पुण्याच्या बाई आमच्याशी बोलायला आल्या. पाच मिनिटं गप्पा झाल्यावर कौतुकाने म्हणाल्या, "तुम्ही ख्रिश्चन असून इतकं छान मराठी कसं हो बोलता?" मी गप्प बसले असते. हिल्डाने चकलीचा तुकडा मोडला आणि विचारलं, "मी आईकडून शिकले. तुम्ही कुणाकडून शिकलात?" बाई गोंधळल्या, मग बिचाऱ्या हसल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला माहीत आहे. हिल्डालाही माहीत होतं. पण तिचं म्हणणं असं, की वाईट मनात नसलं म्हणून काय झालं, उत्तर द्यायलाच हवं. नाहीतर पुढच्या वेळी तेच तुमच्या मुलीला विचारतील.

त्या हिवाळ्यात तिने 'बावखल' लिहिलं. स्वतःचं पहिलं गाणं. सगळं इंग्रजीत, फक्त हा एक शब्द मराठी. आमच्या सासऱ्यांच्या वाडीतलं बावखल तोवर राहिलं नव्हतं. वसईत तेव्हा सगळीकडे बिल्डर फिरत होते. सासऱ्यांनी तो तुकडा विकला, ट्रक आले, माती पडली. विकला तो इनासला कॅनडाला यायचं होतं म्हणून. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. हिल्डाने त्यावरच गाणं केलं. बापाने पाण्याला माती दिली, मुलांना पंख यावेत म्हणून, असा त्याचा अर्थ.

इनासने बेसमेंटच्या पायऱ्यांवर उभं राहून ते ऐकलं आणि तिथूनच ओरडला. "घरातली गोष्ट गोऱ्यांसमोर गाणार तू? पप्पांना काय वाटेल? माझ्या नावाने लोक काय बोलतील?"

"तुझं नाव कुठे आहे त्यात?"

"ज्यांना कळायचं त्यांना कळतं."

बहीण-भाऊ बोलेनासे झाले. एकाच घरात. तो वर जेवायचा, ती खाली. मी दोन्हीकडे ताटं वाढायची. आमची मुलगी तेव्हा शाळेत होती. ती म्हणायची, "मॉम, धिस इज सो सिली." सिली तर होतंच, पण मला दोघांचं कळत होतं. इनास त्या पैशावर इथे आला होता आणि रोज सकाळी उठून ऑफिसला जाताना त्याला ते आठवत असणार. ते कधी बोलायचं नाही, या बोलीवर तो जगत होता. शेवटी एका रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर हिल्डाने स्वयंपाकघरातूनच वसईला फोन लावला आणि सासऱ्यांना म्हणाली, "पप्पा, एक गाणं केलंय. ऐका, आणि नको म्हणालात तर फाडून टाकते." फोन स्पीकरवर होता. इनास दारात उभा होता, निघूनही जाईना आणि आतही येईना. हिल्डा एक ओळ गायची आणि मराठीत तिचा अर्थ सांगायची. गाणं संपलं.

मग सासरे म्हणाले, "माती टाकायला आला होता ना, तो ट्रकवाला सारखा हॉर्न वाजवत होता. बेडूक उड्या मारत बाहेर येत होते आणि तो हॉर्न वाजवत होता. ते घातलंस का?"

"नाही, पप्पा."

"मग घाल."

इनास म्हणाला, "पप्पा, लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. सगळ्या गावाने बावखलं बुजवली, मी एकट्याने नाही. आणि तू गेलास ते बरंच झालं, त्याचं मला काही वाटत नाही. पण ते पाणी चांगलं होतं. तिला गाऊ दे."

इनास वर गेला. संध्याकाळी तो खाली बेसमेंटमध्ये गेला आणि हिल्डाला म्हणाला, हीटिंगची फर्नेस चालू असताना रेकॉर्ड केलंस तर घरघर येईल, मी बंद करतो. त्यांचं भांडण तिथे मिटलं. आम्ही सगळे कोट घालून, कुडकुडत, थंड बेसमेंटमध्ये बसलो आणि तिने ते गाणं रेकॉर्ड केलं. ट्रकच्या हॉर्नची ओळ घालून.

ते तिने देशभरातल्या लहान लहान रेडिओ स्टेशनांना पाठवलं. बहुतेकांनी उत्तरसुद्धा दिलं नाही. पश्चिमेकडे, गव्हाच्या शेतांच्या प्रदेशात, एका छोट्या स्टेशनवरच्या बाईने मात्र ते लावलं. तिच्या गावातलं तळंही कुणीतरी बुजवलं होतं, असं तिने पुढे सांगितलं. ट्रकवाल्यांनी ते ऐकलं आणि फोन करून पुन्हा मागितलं. एका स्टेशनवरून दुसऱ्या, तिसऱ्या... वसंत येईपर्यंत हिल्डाला तिकडून बोलावणी यायला लागली. तिने किचनची नोकरी सोडली, जुनी व्हॅन घेतली, डग नावाचा एक अबोल स्टील गिटारवाला सोबत घेतला आणि निघाली. ब्रायनचाही फोन आला. त्याला आधी एकच अडचण वाटत होती, त्या शब्दाच्या जागी 'क्रीक', म्हणजे ओढा, घातलं तर? हिल्डा म्हणाली, "क्रीक वाहते. बावखल वाहत नाही. तोंडाला वळण लागेल लोकांच्या, घाबरू नकोस." तिने कंपनीबरोबर पुन्हा काम केलं, पण एक अट घालून. पोस्टरवर तिच्या नावाखाली गावाचं नाव छापायचं, वसई. ब्रायनने मुकाट्याने छापलं. त्यानंतर तो शेवटपर्यंत तिच्याबरोबर राहिला, आणि कुठेही गेला तरी लोकांना नकाशावर वसई दाखवायचा.

पश्चिमेकडच्या अल्बर्टा प्रांतातल्या एका उन्हाळी जत्रेत आम्ही सगळे तिचा कार्यक्रम बघायला गेलो होतो. मैदानात एवढी माणसं मी वसईत सणालाही पाहिली नव्हती. टोप्या, बूट, खांद्यावर बसलेली पोरं, मैदानाच्या कडेला ओळीने उभे केलेले ट्रक. हिल्डाने 'बावखल' सुरू केलं आणि त्या शब्दापाशी ती थांबली. आणि सगळं मैदान म्हणालं, बावखल. कुणी 'बॉवकल', कुणी 'बावकॉल', पण म्हणालं. मग ती हॉर्नची ओळ आली, आणि कडेच्या ट्रकवाल्यांनी आपापले भोंगे दाबले. जमीन हादरली. मी इनासकडे बघितलं. त्याने डोक्यावरची कॅप काढून छातीशी धरली होती, चर्चमध्ये धरतात तशी. आमची मुलगी मला म्हणाली, "मॉम, दे ऑल नो आवर वर्ड." मी म्हटलं, हो गं बाई, पाठ झालाय सगळ्यांना.

पुढे खूप काही झालं. बक्षिसं, टीव्ही, व्हँकुव्हरच्या एका मोठ्या समारंभात वर्षातली सर्वोत्तम गायिका म्हणून तिचं नाव. ते बघायला सासरे राहिले नव्हते. ती आईच्या सोन्याच्या कुड्या घालून स्टेजवर गेली आणि पहिलं वाक्य मराठीत बोलली. एका मुलाखतकाराने तिला विचारलं होतं, भारतीय बाईने कंट्री गावं हे जरा विचित्र नाही का? तिने विचारलं, "तुमच्या आजोबांकडे गाई होत्या?" नव्हत्या. "बैलगाडी?" नाही. "माझ्याकडे दोन्ही होतं. आता सांगा, विचित्र कोण?" लोकांना वाटायचं ती गंमत करते. ती गंमत करत नव्हती. तिचा मनापासून विश्वास होता की हे गाणं ज्याने चिखलात पाय घातलेत त्याचं आहे, आणि त्यासाठी तिने कधी कुणाची परवानगी मागितली नाही.

आजार आधी खोकल्यासारखा आला. मग जिना चढताना दम लागायला लागला. फुप्फुसं आतून घट्ट होत जातात, असा तो आजार. कधी सिगारेट ओढली नाही, तरी तिलाच झाला. डॉक्टरांनी सांगितलं, गाणं थांबवा. मी तिच्याबरोबर होते. तिने विचारलं, "थांबवलं तर फुप्फुसं बरी होतील?"

डॉक्टर खरं बोलणारे होते. म्हणाले, "नाही."

"मग कशाला थांबवायचं?"

त्यानंतरही ती गायली. लांब ओळी तोडून त्यांचे दोन तुकडे केले, मधे श्वासाला जागा ठेवली. समीक्षकांनी लिहिलं की तिच्या गाण्यात नवीन ठहराव आला आहे. ती वाचून हसायची आणि हसताना खोकायची. शेवटचा कार्यक्रम मागच्या उन्हाळ्यात झाला, आयरीनच्या गावापासून जवळच, उघड्या मैदानावर. तोवर तिला सतत ऑक्सिजन लागत होता. नाकात नळी, आणि चाकांवर ओढायचा सिलिंडर. ब्रायन काळजीने म्हणाला, सिलिंडर पडद्यामागे ठेवू, नळी केसांखालून घेऊ, आणि आवाज जुन्या रेकॉर्डिंगचा लावू, कुणाला कळणार नाही. हिल्डा म्हणाली, "ब्रायन, मी इटालियन नव्हते, तशी आता धडधाकटही नाही. जी आहे ती दिसू दे."

सिलिंडर इनासने ओढत स्टेजवर नेला आणि तिच्या खुर्चीशेजारी ठेवला. हिल्डाने माइक सिलिंडरजवळ नेला, त्यातून येणारा हिस्स आवाज सगळ्यांना ऐकवला आणि म्हणाली, "हा आमचा नवीन वादक. ताल जरा कच्चा आहे, सांभाळून घ्या." लोक हसले, काही रडले. ती तीनच गाणी म्हणू शकली. मधेमधे आवाज संपायचा, तेव्हा ती हात वर करायची आणि लोक पुढची ओळ उचलायचे. एकही ओळ खाली पडली नाही. उतरताना तिचे ओठ निळे झाले होते. मी रागावले, तर म्हणाली, "सिसिल, ओरडू नकोस. मस्त झालं." आणि खरंच मस्त झालं होतं.

हे तिचं सगळं जगापुढचं. घरात तिची एक सवय होती, तिच्यापायी माझा जीव मेटाकुटीला यायचा. गाडीत रेडिओवर गाणं चालू असेल आणि घर आलं, तर ती गाडीतून उतरायची नाही. गाणं कुणाचंही असो, चांगलं असो की वाईट. ड्राइव्हवेमध्ये इंजिन चालू ठेवून बसून राहायची. मी दार उघडून ओरडायची, की जेवण थंड होतंय, ग्रोसरीतलं दूध बाहेर राहिलंय. ती काचेआडून बोटाने थांब म्हणायची. माणसाने जीव तोडून म्हटलेलं गाणं मधेच तोडायचं नाही, असा तिचा नियम होता.

ती गेल्यानंतरच्या आठवड्यापासून इनास ऑफिसातून आला की तसाच गाडीत बसून राहायला लागला. हात स्टिअरिंगवर, नजर समोरच्या गॅरेजच्या दारावर. आत काय वाजतंय ते मला स्वयंपाकघरातून ऐकू येत नाही, आणि मी त्याला कधी विचारलंही नाही. परवा शेजारचा माणूस कचऱ्याचा डबा आत नेता नेता आमच्या दाराशी आला. भला माणूस आहे. म्हणाला, गाडी बराच वेळ नुसती चालू आहे, धूर होतोय, आणि उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवू नये असा नियमही आहे, तेव्हा त्याला बंद करायला सांगा.

मी म्हटलं, "नाही सांगणार. गाणं संपायचंय अजून." आणि दारातच उभी राहिले.